पाचव्या दिवसाचं पान

मित्रांनो, माझं नाव घेताना भल्याभल्यांची जीभ अडखळते, म्हणून ते आधीच सांगून मोकळा होतो. मी एक जुना सॉक्सलेट आहे. काचेचा, हातभर उंच, पोटानं गोल आणि अंगाला दोन नळ्या असलेला. एक नळी सरळ, दुसरी बगळ्याच्या मानेसारखी वाकडी. छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या खिडकीजवळच्या ओट्यावर मी एकवीस वर्षं उभा होतो. आज कपाटात पडून आहे. का, ते सांगण्यासाठीच तोंड उघडलंय.

माझं काम म्हटलं तर सोपं. तुमच्या घरी चहाची पत्ती उकळून गाळतात ना, तसंच काहीसं, फक्त आमच्याकडं ते पुन्हा पुन्हा चालतं. माझ्या पोटात वाळलेला पाला भरतात. माझ्याखाली काचेचा चंबू असतो, त्यात मिथेनॉल नावाचं स्पिरिट उकळतं. त्याची वाफ सरळ नळीनं वर जाते. वर कंडेन्सर असतो, त्याच्याभोवती थंड पाणी फिरत असतं. तिथं वाफेचे थेंब होतात आणि टपटप पाल्यावर पडतात. पोट भरलं की सगळा रस वाकड्या नळीतून भस्सकन खाली चंबूत. पुन्हा वाफ, पुन्हा थेंब, पुन्हा भस्स. असे वीस-बावीस फेरे झाले की पानात जे असेल ते चंबूत उतरतं. जे असेल तेच, बरं का. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ही म्हण ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मला घडवलं अन्वरमियाँनी. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत त्यांची पत्र्याची शेड होती. निळ्या ज्योतीसमोर बसून ते काच फिरवायचे, मऊ पडली की फुंकायचे. माझी वाकडी नळी दोनदा तडकली, तिसऱ्यांदा जमली. घ्यायला आलेला माणूस घाई करत होता, तर म्हणाले, "काच को जल्दी पसंद नहीं, साहब." हे मी ऐकलेलं पहिलं वाक्य. पुढं नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी धुताना मला नळाच्या तोटीवर आपटलं आणि वाकडी नळी सांध्यातून निखळली. तेव्हाही अन्वरमियाँनीच ती जोडून दिली. सांध्यावर एक पांढुरका डाग राहिला, तो राहिलाच. आता अन्वरमियाँ नाहीत आणि शहरात काच जोडणारंही कुणी उरलं नाही.

माझा एक काळ होता, मित्रांनो. कडुनिंब, अडुळसा, गुळवेल, काय काय म्हणून माझ्या पोटातून गेलं! नवी मुलं आली की पहिल्यांदा माझ्याभोवती गोळा व्हायची, भस्स झालं की टाळ्या पिटायची. मग स्टीलचं नवं यंत्र आलं. बटण दाबा आणि चहा प्यायला जा. मला कोपऱ्यात सरकवलं गेलं, माझ्या डोक्यावर धूळ बसली. वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

त्या कोपऱ्यातून मला बाहेर काढलं सायलीनं. फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातली मुलगी, गारखेड्यात राहायची, स्कूटीवर यायची. कर्करोगावर चालेल असं काही रानातल्या झाडपाल्यात सापडतंय का, हे ती शोधत होती. तुम्हाला वाटेल, पाल्यात कुठं असलं औषध असतं? अहो, तुमच्या अंगणातली सदाफुली घ्या. तिच्यातून काढलेली औषधं रक्ताच्या कर्करोगावर आजही देतात. पण एक औषध हाती लागायला हजार झाडं पालथी घालावी लागतात. सायली म्हणायची, नवं यंत्र आतून दिसत नाही, जुन्या काचेत काय चाललंय ते डोळ्यांनी बघता येतं. मी काय म्हणतो, पोरगी गुणाची होती.

तिला झुडूप दाखवलं गोकुळनं. गोकुळ आमचा लॅब अटेंडंट, खुलताबादच्या डोंगराकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याची मावशी कस्तुराबाई अजूनही कळप राखते. मेंढीच्या गळ्याखाली गाठ आली की ती एका झुडपाचा पाला वाटून बांधते आणि गाठ बसते, असं त्यानं एकदा भांडी धुता धुता सांगितलं. त्या घरात झुडपाला गाठमोडी म्हणतात. शास्त्रातलं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्या माणसं कोयते घेऊन डोंगरावर जातील. आणि तुम्हीही कुठला पाला आपल्या मनानं तोंडात घालू नका, मेंढीची गोष्ट वेगळी आणि माणसाची वेगळी.

भाद्रपदात सायली आणि गोकुळ डोंगरावर जाऊन आले. कस्तुराबाईनं लगेच पाला दिला नाही. आधी संध्याकाळी झुडपापुढं हळद लावलेले चार तांदूळ ठेवले, विळ्याच्या टोकानं खोडाला तीन खाचा केल्या, खाचांना हळद लावली आणि झुडपाला म्हणाली, तुझा पाला लागतोय, रागावू नको. याला त्यांच्यात आवतण म्हणतात. पाला तोडायचा तो पाचव्या दिवशी, आणि तोही एका झुडपाचा ओंजळभर. सायलीनं हे सगळं जसंच्या तसं वहीत उतरवलं. पाचव्या दिवशी पाला आला, सावलीत वाळला, माझ्या पोटात बसला. बावीस फेऱ्यांनंतर चंबूत मधासारखा रस उतरला.

शेजारच्या इमारतीत तनुजा नावाची सायलीची मैत्रीण कर्करोगाच्या पेशी ताटल्यांत वाढवायची. तिनं त्या रसाचे थेंब ताटल्यांत सोडले. तीन दिवसांनी धापा टाकत आमच्याकडं आली. शंभरातल्या एकाहत्तर पेशी मेल्या होत्या आणि शेजारच्या ताटलीतल्या चांगल्या पेशींना फारसा धक्का नव्हता. सायली खाली बसली आणि रडली. गोकुळनं सगळ्यांना चहा पाजला. मला त्या दिवशी तिनं स्वतः धुतलं.

इंद्रजीत सर तिचे मार्गदर्शक. माणूस शिस्तीचा, कामाला वाघ, पण गंडेदोरे, अंगारे म्हटलं की कपाळावर आठी. त्यांनी वही तपासली आणि आवतणाच्या ओळीवर लाल रेघ मारली. शास्त्राच्या वहीत हे शोभत नाही, लोक हसतील, म्हणाले. सायलीलाही जरा लाजच वाटली. तिनं पुढची सगळी टिपणं त्या ओळीशिवाय केली. मित्रांनो, ती लाल रेघ मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पुण्याच्या एका मोठ्या संस्थेनं जास्तीचा अर्क मागवला. त्यांच्याकडं चांगला निघाला तर उंदरांवर चाचणी होणार होती. पहिल्या अर्काचा थेंबही उरला नव्हता. पुन्हा भाद्रपद आला तसं सायलीनं डोंगर गाठला. कस्तुराबाई लेकीकडं गेली होती. थांबायला वेळ कुठला? गोकुळला झुडूप ओळखता येत होतं, दोन माणसं बरोबर घेतली, एका सकाळीत तीन पोती पाला. माझं पोट पुन्हा पुन्हा भरलं, दर भरणीला मी बावीस फेरे मारले. रस दिसायला अगदी तसाच उतरला. तनुजाची वाट न पाहता तो पुण्याला गेला.

पुण्याहून पत्र आलं. तुमच्या अर्कात काहीच नाही.

तनुजानं पाहिलं. शंभरातल्या चार पेशी मेल्या होत्या. पुन्हा पाहिलं. तीन. स्टीलच्या यंत्रातून काढून पाहिलं, तेच. मग कुजबूज सुरू झाली. पहिला आकडा आलाच कसा? कुणी म्हणालं, पोरीनं घाईत काहीतरी कालवलं. कुणी म्हणालं, आकडा मनचाच असेल, पदवी पाहिजे ना. सरांना ती खोटं बोलेल असं वाटत नव्हतं. पण मग दोष कुणाचा? त्यांची नजर माझ्यावर पडली. या जुन्या काचेत आधीचं काही चिकटून राहिलं असणार, गोकुळनं नीट धुतली नसणार, त्याचाच तो पराक्रम. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच! माझ्या पोटात काय आहे ते आरपार दिसतं, तरी खापर माझ्यावर फुटलं. सरांनी मला भंगारात टाकायला सांगितलं.

आणि सायलीसमोर एक कागद ठेवला. पहिला निकाल चुकीचा होता, तो मी मागे घेते, असं त्यावर लिहायचं होतं. पुढच्या आठवड्यातला मंगळवार सोडून त्याच्या पुढच्या मंगळवारी, दुपारी तीन वाजता समिती बसणार होती. सही केली असती तर चार वर्षांचं काम संपलं असतं आणि खोटारडी हा शिक्का जन्माचा. सही केली नाही तर सिद्ध काय करणार? सरांनी रागावून नाही, थकून विचारलं होतं, "सायली, तुझ्याकडं दुसरं काही सांगण्यासारखं आहे का?"

गुरुवारची गोष्ट. सगळे गेले होते. सायली कागदापुढं बसली होती, पेनाचं टोपण काढलेलं. गोकुळ मला भंगारात न्यायला आला. त्यानं मला उचललं आणि तसाच उभा राहिला.

"ताई, एक बोलू का? हसू नका."

सायलीनं मान वर केली.

"दुसऱ्या खेपेला आपण आवतण दिलं नव्हतं."

ती जरा चिडलीच. म्हणाली, गोकुळभाऊ, आता हे नको. तो म्हणाला, पाला तोडतानाच माझ्या मनात आलं होतं, मावशी असती तर हात लावू दिला नसता. मग बोलला का नाहीस, असं तिनं विचारलं. गोकुळ खाली बघत म्हणाला, "इथं मला समदे मेंढरवाला म्हणत्यात. अजून काय म्हणवून घेऊ?"

सायलीनं कपाटातून जुनी वही काढली, लाल रेघेचं पान उघडलं आणि रेघेआडचं वाचायला लागली. तांदूळ, हळद, खोडाला तीन खाचा, पाचवा दिवस. तिचं बोट खाचांवर थांबलं. झाडाला जखम झाली की ते स्वतःला वाचवायला कडू, विषारी रसायनं तयार करतं, हे ती एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला शिकली होती. त्याला दिवस लागतात. शिकली होती, परीक्षेत लिहिलंही होतं आणि डोंगरावर डोळ्यांसमोर घडलं तेव्हा तिला ते दिसलं नव्हतं. तिनं पेनाला टोपण लावलं. मला गोकुळच्या हातातून काढून पुन्हा ओट्यावर ठेवलं.

शुक्रवारी सकाळी ती सरांपुढं उभी राहिली. सरांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, बारा दिवस आहेत, कर. पण अट माझी. तीन बाटल्या करायच्या. एकीत आवतण दिलेल्या झुडपांचा अर्क, दुसरीत न दिलेल्यांचा, तिसरीत नुसता हा जुना सॉक्सलेट पाल्याशिवाय चालवून जे निघेल ते. सगळं याच भांड्यात. बाटल्यांवर खुणा मी करणार, कुठली खूण कशाची तो कागद माझ्या खिशात. तनुजाला काही कळता कामा नये, आणि तुलाही नाही. मित्रांनो, सर कडक होते, पण न्यायाचे होते. माझीही परीक्षा त्यात आलीच होती.

त्याच संध्याकाळी डोंगरावर कस्तुराबाईनं काही झुडपांना आवतण दिलं. शेजारच्या झुडपांचा पाला न विचारता घ्यायचा म्हटल्यावर ती नाराज झाली, पण गोकुळनं गळ घातली. पुढचं मला गोकुळच्या तोंडून कळलं. रविवारी, म्हणजे तिसऱ्याच दिवशी, सायलीला चैन पडेना. हिशोब मांडला तर सगळं काठावर होतं. पाचव्या दिवशी तोडणी, तीन दिवस वाळवण, एक दिवस माझा, तीन दिवस तनुजाचे. कुठं एक दिवस सांडला की संपलं. ती एकटीच डोंगरावर गेली आणि म्हणाली, आजच तोडू या, दोन दिवसांनी काय मोठा फरक पडतो?

कस्तुराबाई मेंढरांमागं काठी टेकून उभी होती. म्हणाली, "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. आवतण दिलंय ना पोरी? मग पाव्हणा त्याच्या टायमाला यील. तू घाई केली म्हणून लवकर यायचा नाय."

सायलीनं खूप समजावलं. कागदाबद्दल सांगितलं, समितीबद्दल सांगितलं. म्हातारी हलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली की मागं तू माझ्याबिगर तोडलंस, कोण काय म्हणालं तुला? आता मी हाय तर तुटू देणार नाय. सायली रिकाम्या हातानं परत आली.

इकडं मी कामाला लागलो होतो. आधी मला रिकामं चालवलं. मग न विचारता आणलेला पाला वाळला, तो भरला. बावीस आणि बावीस, चव्वेचाळीस फेरे. सांध्यावरचा पांढुरका डाग दुखायला लागला होता. काच म्हातारी झाली की उष्णता सोसत नाही. मी कुणाला सांगणार?

मंगळवारी पाचव्या दिवसाचा पाला आला. फार नव्हता. एका झुडपाचा ओंजळभर, त्याहून एक पान जास्त नाही. माझं पोट एकदाच भरेल इतकाच. शुक्रवारी सकाळी सात वाजता सायलीनं तो माझ्यात भरला, शेगडी चालू केली, कंडेन्सरचा नळ उघडला. नळातून फुस्स आवाज आला आणि पाणी बंद. आता या शहरात नळाला पाणी नसणं ही काय नवलाची गोष्ट? पण वाफ थंड झाली नाही तर सगळं मिथेनॉल उडून जाणार आणि पाला करपणार. सायलीनं झटकन शेगडी बंद केली. गोकुळ बाहेर धावला. अर्ध्या तासानं आला तो घरच्या कूलरची मोटर, एक बादली आणि बर्फाची लादी घेऊन. मोटर बादलीत टाकली, नळी कंडेन्सरला जोडली. पाणी वर चढलं, फिरून पुन्हा बादलीत पडू लागलं, तशी शेगडी पुन्हा चालू झाली. पहिला थेंब पाल्यावर पडला तेव्हा दोघांनी श्वास सोडला.

एक, दोन, पाच, दहा. सायली वहीत रेघा ओढत होती. गोकुळ बर्फ फोडून बादलीत टाकत होता. दुपार झाली, डबा कुणी उघडला नाही. अठराव्या फेऱ्याला माझ्या सांध्यातून टिक असा आवाज आला.

दोघांनीही ऐकला. केसाएवढी चीर होती, पण वाढत होती. गोकुळनं ओलं फडकं उचललं, तर सायलीनं त्याचा हात धरला. गरम काचेला गार फडकं लागलं असतं तर मी तिथंच दुभंगलो असतो. थांबवावं, तर पहिल्यांदा बावीस फेरे होते. अठरावरच थांबवलं तर सर म्हणणार, पद्धत बदलली. थांबवू नये, तर नळी निखळून सगळा रस ओट्यावर. दुसरा पाला नव्हता आणि दिवसही नव्हता. तिनं माझ्याखाली स्वच्छ ट्रे सरकवला, शेगडीची आच जरा कमी केली आणि हलक्या आवाजात माझ्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "चारच राहिले. एवढे सोस."

मी सोसलं. एकोणीस. वीस. चीर डागाला अर्धा वळसा घालून पुढं सरकली. एकविसाव्याला रसाचा एक थेंब बाहेर पाझरला. बाविसाव्याला पोट भरायला मला इतका वेळ लागला की गोकुळ दोनदा वाकून बघून गेला. मग भस्स झालं आणि सगळा रस चंबूत उतरला. सायलीनं शेगडी बंद केली. मी थंड झालो आणि गोकुळनं मला चंबूवरून उचललं, तेव्हा वाकडी नळी त्याच्या हातात आली. तो ती हातात धरून तसाच उभा राहिला. डोळे पुसले त्यानं. मी पाहिलं.

शनिवारी सरांनी बाटल्यांवर क, ख, ग अशा खुणा केल्या, कागद लिफाफ्यात घालून खिशात ठेवला. बाटल्या तनुजाकडं गेल्या.

मंगळवारी सव्वादोनला चौघं ओट्याभोवती उभे होते. मी ट्रेमध्ये दोन तुकड्यांत पडून होतो. समितीला पाऊण तास होता आणि सायलीच्या हातात तो सही नसलेला कागद होता. तनुजानं आकडे वाचले. क, शंभरातल्या तीन मेल्या. ख, अडुसष्ट. ग, चार.

सरांनी लिफाफा फोडला. "क म्हणजे रिकामा सॉक्सलेट," ते म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. त्या एका नजरेत माझ्यावरचा आळ गेला, मित्रांनो. "ग, आवतण न दिलेला पाला." पुढची ओळ त्यांनी मनात वाचली. मग कागद गोकुळपुढं धरला आणि म्हणाले, "हे तू वाच."

गोकुळनं वाचलं. "ख, आवतणाचा."

सायलीनं हातातल्या कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, आणि हुंदका आला तसा तोंडावर हात धरला. सरांनी तिच्याकडं जुनी वही मागितली. लाल रेघेचं पान उघडलं. खिशातून तेच लाल पेन काढलं आणि रेघेखाली लिहिलं की ही ओळ मी खोडली होती, चूक माझी आहे, विद्यार्थिनीची नाही. खाली सही, तारीख. मग वही काखेत मारून समितीसमोर स्वतःच गेले.

सायलीचं काम वाचलं. पण थांबा, लगेच टाळ्या पिटू नका. सर तेव्हाही म्हणाले होते आणि मीही म्हणतो, ताटलीत तर फिनेलनंही पेशी मरतात. त्या रसातला नेमका कुठला घटक काम करतो ते शोधायचंय, मग उंदीर, मग कुठं माणूस. दहा-बारा वर्षं जातील आणि शेवटी औषध होईलच असं नाही. कुठल्यातरी दवाखान्यात वाट बघणाऱ्या माणसाला हे सांगताना जीव तुटतो, पण खोटी आशा देऊ नये.

कस्तुराबाईला गोकुळनं सगळं सांगितलं. तुझ्या खाचांमुळं पानात औषध येतं हे आता सिद्ध झालं, म्हणाला. म्हातारी म्हणाली, "म्हंजे तुमी लिहिलं तवा खरं झालं व्हय?" सायलीच्या लेखात तिचं नाव घालायचं ठरलंय. त्यावर तिनं एकच अट घातली, नाव घाला नाहीतर घालू नका, पण झुडपं ओंजळभरच तोडा, डोंगर बोडका करू नका.

आणि मी? मला भंगारात टाकायचं धाडस कुणाला झालं नाही. माझे दोन्ही तुकडे कापसात गुंडाळून कपाटात ठेवलेत, शेजारी ती वही. जोडणारा कुणी मिळाला तर बघू, म्हणतात. मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. नवी मुलं येतात तेव्हा सायली त्यांना आधी स्टीलचं यंत्र दाखवत नाही. कपाट उघडते, वही काढते, लाल रेघेचं पान उघडते आणि म्हणते, हे वाचा, मग कामाला हात लावा.

मित्रांनो, तुमच्या हाती कधी काचेचं भांडं आलं तर सावकाश धुवा, नळावर आपटू नका. पानाफुलाला हात लावण्याआधी त्याच्या जवळ राहणाऱ्या माणसाला विचारा. आणि तो सांगेल ते आधी लिहून घ्या, हसायचं असेल तर नंतर हसा. मी एकवीस वर्षांत हजारो पाल्यांचा रस काढला, पण पानात जे नाही ते मला कधीच काढता आलं नाही. गाठमोडीच्या पानात ते पाचव्या दिवशी येतं. हे आम्हाला एका मेंढरं राखणाऱ्या बाईनं पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं, आणि आम्ही ते खोडलं होतं.